गिगाहर्ट्झचे गारूड

२००२ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. तालुक्याच्या गावातील एका मराठी शाळेत संगणक कक्ष उभारायचा होता. माजी विद्यार्थ्यांनी, गावातील व्यापाऱ्यांनी आणि काही निवृत्त शिक्षकांनी वर्गणी काढून रक्कम उभी केली होती. खरेदी समितीत ‘पत्रकार’ या नात्याने माझीही वर्णी लागली होती. संगणकाविषयीचे माझे ज्ञान कला शाखेच्या पदवीधराचे असावे तेवढेच, म्हणजे यथातथाच होते. परंतु मत देण्याचा अधिकार मात्र पूर्ण होता. विक्रेत्याने दोन प्रस्ताव मांडले. एकात १.७ गिगाहर्ट्झचे दहा संगणक होते. दुसऱ्यात तेवढ्याच रकमेत १.३ गिगाहर्ट्झचे बारा. आमचे गणिताचे सर म्हणाले, “बारा घ्या. आकड्याला भुलू नका.” समिती हसली. मीही हसलो. १.३ मोठे की १.७ मोठे, हे तर पहिलीतील पोरही सांगेल! ठराव दहाच्या बाजूने झाला आणि त्या ठरावावर माझा हात वर होता.

कक्षाचे उद्घाटन झाले, फीत कापली गेली, पेढे वाटले गेले. पंधरा दिवसांनी सरांनी आपला घरचा १ गिगाहर्ट्झचा जुना संगणक शाळेत आणला, नव्या संगणकाशेजारी मांडला आणि क्रीडाशिक्षकांचे स्टॉपवॉच मागवून घेतले. दोन्ही यंत्रांत मेमरी सारखीच होती. परीक्षेच्या गुणांचा एकच मोठा तक्ता दोन्हींवर उघडून त्याची बेरीज, सरासरी आणि क्रमवारी लावायला दिली. ज्या यंत्राचा ‘वेग’ सत्तर टक्क्यांनी अधिक असल्याचे आम्ही ठरावात नोंदवले होते, ते यंत्र जुन्यापेक्षा दोन सेकंद मागे राहिले. सर काही बोलले नाहीत. घड्याळ परत देऊन ते वर्गावर गेले. त्यांचे ते न बोलणे मला आजही ऐकू येते.

हा लेख लिहिण्याचे कारण मात्र ती जुनी चूक नव्हे. परवा पुतण्यासाठी संगणक पाहायला बाजारात गेलो, तेव्हा काउंटरमागच्या तरुणाने पहिलेच वाक्य उच्चारले, “काका, हा घ्या. साडेपाच गिगाहर्ट्झच्याही वर जातो!” मध्ये वीसहून अधिक वर्षे लोटली, यंत्रे बदलली, विक्रेत्यांची पिढी बदलली, पण मंत्र तोच आणि त्या मंत्राने डोलणारे आपणही तेच. म्हणून या गिगाहर्ट्झच्या गारुडाचा एकदा समाचार घेणे आवश्यक झाले आहे.

ठोका म्हणजे वेग नव्हे

मुळात ‘क्लॉक स्पीड’ या शब्दातच फसवणुकीचे बीज आहे. प्रोसेसरच्या आत एक विद्युत ठोका सतत पडत असतो आणि त्या ठोक्याच्या तालावर आतील सर्व मंडले एकेक पाऊल टाकतात. एका सेकंदात असे शंभर कोटी ठोके पडले की त्याला एक गिगाहर्ट्झ म्हणतात. म्हणजे गिगाहर्ट्झ हे ठोक्यांचे माप आहे, कामाचे नव्हे. एका ठोक्यात किती काम उरकले जाते, हे तो आकडा सांगतच नाही.

तालमीत कसलेल्या पैलवानाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला पन्नास-साठ ठोके देते. तापाने फणफणलेल्या रुग्णाचे ठोके एकशे वीसवर जातात. आता कुस्तीच्या फडात कोणाला उतरवाल? ज्याचे ठोके अधिक त्याला? हा प्रश्न कोणालाही हास्यास्पद वाटेल. परंतु संगणकाच्या दुकानात आपण नेमका हाच निकष लावतो आणि वर त्याचे पैसेही मोजतो.

आपल्या जुन्या विहिरींवरील रहाटाचे उदाहरण घ्या. मळ्याला पाणी किती मिळणार हे रहाटाच्या फेऱ्यांवर अवलंबून असते, तसेच ते गाडग्यांच्या आकारावरही अवलंबून असते. फेरे दुप्पट केले आणि गाडगी निम्म्या मापाची लावली, तर बैल दमतील, कुरकुर वाढेल, पाणी मात्र तेवढेच राहील. एका ठोक्यात पूर्ण होणाऱ्या सूचनांची संख्या म्हणजे प्रोसेसरचे गाडगे. जाहिरातीत फेरे छापले जातात. गाडग्याचे माप कोणी छापत नाही.

शर्यत कशी लागली

या भ्रमाला इतिहास आहे आणि तो मोठा उद्बोधक आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातील प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता. १९९३ साली पेंटियम आला तो ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा. (या पेंटियमच्या निर्मितीचे नेतृत्व करणारे विनोद धाम यांचा जन्म आपल्या पुण्याचा, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) त्या काळात नवा प्रोसेसर जुन्याहून सर्वच अंगांनी सरस असे. ठोके वाढत आणि एकेका ठोक्यातील कामही वाढे. त्यामुळे ‘ठोके अधिक म्हणजे संगणक वेगवान’ हे समीकरण ढोबळमानाने खरे ठरत असे. ग्राहकाच्या मनात ते तेव्हाच रुजले, आणि त्यात त्याचा दोष नव्हता.

दोष पुढे सुरू झाला. मार्च २००० मध्ये एएमडी या कंपनीने १ गिगाहर्ट्झचा अॅथलॉन बाजारात आणला. अवघ्या दोन दिवसांत इंटेलने १ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ जाहीर केला. दोन दिवस! एवढी चुरस तंत्रज्ञानाची नसते, ती मथळ्याची असते. त्याच वर्षी इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ घाईने पुढे केला आणि तो स्थिर चालत नसल्याचे उघड होताच महिनाभरात परत बोलावला. आकड्यासाठी धावताना ठेच लागल्याचे हे पहिले उदाहरण. पण ठेचेतून शहाणपण आले नाही.

नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ अवतरला. १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झ! वृत्तपत्रांची पाने भरली. मात्र ज्यांनी त्याच्या प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या, त्यांना चमत्कारिक दृश्य दिसले. कितीतरी कामांत १.२ गिगाहर्ट्झचा अॅथलॉन त्याच्या पुढे होता आणि काही नित्याच्या कामांत तर इंटेलचाच १ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ त्याला मागे टाकत होता. ठोके वाढले होते, गाडगी लहान झाली होती.

घमेल्यांची रांग

हे कसे घडले ते समजून घेणे कठीण नाही. इमारतीच्या बांधकामावर घमेली हातोहात पुढे देणारी मजुरांची रांग आपण सर्वांनी पाहिली आहे. दहा माणसांच्या रांगेत प्रत्येकाला दोन पावले चालावे लागत असेल, तर त्याच अंतरात वीस माणसे उभी केल्यास प्रत्येकाला एकच पाऊल चालावे लागेल. साहजिकच मुकादमाची शिटी दुप्पट वेगाने वाजू शकेल. प्रोसेसरमध्ये या रांगेला पाइपलाइन म्हणतात आणि शिटीला क्लॉक. पेंटियम ३ ची रांग दहा टप्प्यांची होती. पेंटियम ४ ची वीस टप्प्यांची झाली. शिटी जोरात वाजू लागली, ती अशी.

परंतु रांगेत एक अडचण असते. वरच्या गवंड्याला पुढे वाळू हवी की सिमेंट, हे तो शेवटच्या क्षणी ठरवतो. खाली मात्र अंदाजाने घमेली भरणे चालूच ठेवावे लागते. अंदाज चुकला की रांगेतील सर्व घमेली ओतून टाकायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. दहाच्या रांगेत दहा घमेली वाया जातात, विसाच्या रांगेत वीस. संगणकाच्या आज्ञावलीत ‘असे असेल तर हे कर, नाहीतर ते कर’ अशी वळणे पावलोपावली येतात. प्रत्येक चुकलेल्या वळणावर लांब रांगेचा प्रोसेसर अधिक दंड भरतो. शिटी मात्र वाजतच राहते आणि आपण शिटी ऐकून काम जोरात चालल्याची खात्री बाळगतो!

रांग इतकी लांब करण्याचा मोह का झाला असावा? लांब रांगेचे लाभ चित्रफितीसारख्या काही ठरावीक कामांत मिळतात, हे खरे आहे. पण जाहिरातीच्या फलकावर मोठा आकडा झळकतो, हा लाभ त्याहून मोठा होता. फेब्रुवारी २००४ मध्ये याच पेंटियम ४ ची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा तिची रांग ३१ टप्प्यांवर गेली होती.

प्रतिस्पर्धी धुतल्या तांदळासारखे होते असे मात्र कोणी समजू नये. एएमडीने ऑक्टोबर २००१ मध्ये अॅथलॉन एक्सपी आणला. त्याचा एक नमुना १.५३ गिगाहर्ट्झचा होता, पण खोक्यावर नाव ‘१८००+’. हा आकडा आपल्याच जुन्या अॅथलॉनशी तुलना करून काढल्याचे कंपनी सांगे; ग्राहक मात्र तो ‘पेंटियम ४ च्या १.८ गिगाहर्ट्झइतका’ असाच वाचे आणि तसा तो वाचला जावा यात कोणाचेच नुकसान नव्हते. ठोक्यांचा आकडा फसवा आहे हे ज्यांना पूर्ण ठाऊक होते, त्यांनी लोकांना शहाणे करण्याऐवजी आपलाही एक आकडा पुढे केला. पुढे २०१३ मध्ये याच कंपनीने पाच गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा एफएक्स-९५९० विकायला काढला. त्याची उष्णतेची मर्यादा होती २२० वॅट! आकड्याचा मोह कोणा एका कंपनीची मक्तेदारी नाही.

गुडघे टेकले

पेंटियम ४ ची रचना १० गिगाहर्ट्झपर्यंत नेण्याची स्वप्ने २००० साली रंगवली गेली होती. प्रत्यक्षात काय घडले? नोव्हेंबर २००४ मध्ये गाडी ३.८ गिगाहर्ट्झवर थांबली, ती कायमची. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ येणार अशी घोषणा झाली होती; ऑक्टोबर २००४ मध्ये ती मागे घ्यावी लागली आणि इंटेलचे तत्कालीन प्रमुख क्रेग बॅरेट यांनी ऑर्लँडो येथील परिषदेत, भर व्यासपीठावर, गुडघे टेकून क्षमा मागितली. प्रसंग विनोदाने झाला असेल. इतिहासाने मात्र त्याची नोंद गांभीर्याने घेतली पाहिजे.

या थांबण्यामागे निसर्गनियम होता. प्रोसेसरला लागणारी वीज ठोक्यांच्या प्रमाणात वाढते आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोके वाढवायचे तर दाबही वाढवावा लागतो. म्हणजे वेग थोडा वाढला की उष्णता कितीतरी अधिक वाढते. पूर्वी ट्रान्झिस्टर लहान होत गेले की लागणारा दाबही कमी होत जाई आणि हा हिशेब जुळे. शतकाच्या प्रारंभी ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की त्यांतून वीज गळू लागली, दाब आणखी उतरवता येईना, आणि हिशेब मोडला.

आता पुढील दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. १९८१ ते २००४ या २३ वर्षांत ठोक्यांची संख्या ४.७७ मेगाहर्ट्झवरून ३.८ गिगाहर्ट्झवर गेली, म्हणजे सुमारे ८०० पट. २००४ ते २०२४ या वीस वर्षांत ती ३.८ वरून ६.२ गिगाहर्ट्झवर गेली, म्हणजे दुप्पटही नाही. मग या वीस वर्षांत संगणक वेगवान झाले नाहीत काय? झाले, आणि प्रचंड झाले. ते गाडगी मोठी करून, एकाच चिपवर अनेक कोअर बसवून आणि जवळची मेमरी वाढवून झाले. ज्या आकड्याची आपण पूजा करतो, त्याचा त्या प्रगतीतील वाटा अगदी थोडा आहे.

याची कबुली खुद्द इंटेलनेच दिली. जुलै २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओची रांग १४ टप्प्यांची होती. त्यातील २.४ गिगाहर्ट्झच्या आणि ६५ वॅटच्या नमुन्याने इंटेलच्याच ३.७३ गिगाहर्ट्झच्या आणि १३० वॅटच्या महागड्या पेंटियमला बहुतेक चाचण्यांत मागे टाकले. ठोके एक तृतीयांशाने कमी, वीज निम्मी, काम अधिक! पाच-सहा वर्षे जगाला जे शिकवले, ते एका रात्रीत पुसले गेले. मग त्या पाच-सहा वर्षांत ज्यांनी आकडा पाहून पैसे मोजले, त्यांचे काय? अमेरिकेत यावर ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. २०१४ मध्ये तडजोड होऊन सुरुवातीच्या पेंटियम ४ च्या तेथील ग्राहकांना प्रत्येकी १५ डॉलर देण्याचे ठरले. कंपनीने दोष मान्य केला नाही. पंधरा डॉलर ही रक्कम क्षुल्लक आहे. पण तेथील ग्राहक चौदा वर्षांनी का होईना, जाब विचारू शकला. आपल्याकडील ग्राहकाला आपण फसलो हेदेखील कळले नाही.

मिसळणाचा डबा आणि वाण्याचे दुकान

“हे सर्व जुने झाले,” असे कोणी म्हणेल. तर मग आजचे पाहू.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या इंटेलच्या कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरच्या नावापुढे ‘६.० गिगाहर्ट्झ’ असे लिहिलेले असते. त्याच्या मुख्य कोअरचा आधारभूत वेग ३.२ गिगाहर्ट्झ आहे. सहाचा आकडा निवडक एक-दोन कोअर, तापमान मर्यादेत असेल तोवर, क्षणभर गाठतात. रेल्वेच्या डब्यावर ‘उतारावर, रिकामी असताना, ताशी एवढा वेग’ असे लिहिण्यासारखाच हा प्रकार. पूर्ण जोरावर या प्रोसेसरची विजेची मर्यादा २५३ वॅटपर्यंत जाते. आपल्या घरातील छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो. म्हणजे तीन पंख्यांहून अधिक वीज टाचेएवढ्या तुकड्यात जळणार आणि तिची उष्णता नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात आपल्याच खोलीत पसरणार. ती बाहेर काढायला आणखी एक पंखा. या सहाव्या गिगाहर्ट्झचे बिल महावितरण पाठवते, कंपनी नव्हे.

त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर अचानक बंद पडू लागल्याच्या तक्रारी वाढत गेल्या. जुलै २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले की चिपला गरजेपेक्षा अधिक विद्युतदाब दिला जात होता. सप्टेंबरमध्ये नेमका भाग सांगितला गेला : जे मंडल घड्याळाचा ठोका कोअरभर पोहोचवते, तेच अतिरिक्त दाबाने आणि उष्णतेने अकाली झिजत होते. दुरुस्तीची आज्ञावली निघाली, हमीची मुदत दोन वर्षांनी वाढली. पण जी चिप आधीच झिजली, ती आज्ञावलीने बरी होत नाही. दाब इतका का चढवला गेला, याचे तांत्रिक खुलासे कितीही देता येतील. पण ज्या बाजारात ५.८ आणि ६.० या दोन आकड्यांवर ग्राहक हलतो, त्या बाजारात चिपला तिच्या सीमेपर्यंत ताणण्याचा मोह कोणाला होणार नाही? तापाने फणफणलेल्या देहालाच आपण बलवान समजत होतो, त्याचे हे फळ.

आणि वेगाचे काय? नोव्हेंबर २०२४ मध्ये एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी आला. त्याचा कमाल वेग ५.२ गिगाहर्ट्झ. तरीही खेळांच्या चाचण्यांत त्याने सहा गिगाहर्ट्झवाल्यांना सरसकट मागे टाकले. रहस्य ठोक्यांत नव्हते, ते ९६ मेगाबाइटच्या कॅशमध्ये होते. कॅश म्हणजे प्रोसेसरचा मिसळणाचा डबा. सुगरण कितीही चपळ असो, फोडणीच्या वेळी मोहरी हाताशी नसेल आणि दर खेपेला वाण्याच्या दुकानात जावे लागत असेल, तर तिच्या चपळाईचा उपयोग काय? पाच गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा असतो. एवढ्या वेळात प्रकाशदेखील सहा सेंटिमीटरच जातो. मुख्य मेमरीतून माहिती यायला मात्र ८०-१०० नॅनोसेकंद लागू शकतात. म्हणजे चारशे-पाचशे ठोके निव्वळ वाट पाहण्यात जातात. ठोके वाढवले तर काय होईल? वाट पाहण्याचे ठोके वाढतील! आमच्या शाळेच्या दहा संगणकांत नेमके हेच घडले होते. ठोके भरपूर, डबा लहान. गणिताच्या सरांना ते ठाऊक होते. आम्हाला ते ऐकायचे नव्हते.

एक आक्षेप प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. ठोक्यांचा आकडा अगदीच निरर्थक आहे असे नाही. एकाच पिढीतील, एकाच रचनेच्या, सारख्याच कॅशच्या दोन प्रोसेसरांत ज्याचे ठोके अधिक, तो वेगवान हे खरे. एकाच घडणीच्या दोन रहाटांत फेरे मोजायला हरकत नाही. पण बाजारात आपल्यापुढे एकाच घडणीचे रहाट कोणी ठेवत नाही.

नव्या मूर्ती

गिगाहर्ट्झची मूर्ती डळमळू लागली की विक्रेते नव्या मूर्तींची प्राणप्रतिष्ठा करतात. ‘आठ कोअर’ ही अशीच एक. एएमडीच्या एफएक्स मालिकेतील ‘आठ कोअर’ खरोखर आठ आहेत का, यावर अमेरिकेत दावा झाला आणि २०१९ मध्ये कंपनीने १.२१ कोटी डॉलरला तडजोड केली. ‘नॅनोमीटर’ ही दुसरी. आजच्या नावातील नॅनोमीटर चिपमधील कोणत्याही वस्तूचे माप राहिलेले नाही. २०२१ मध्ये इंटेलने आपल्या १० नॅनोमीटरच्याच सुधारित प्रक्रियेला ‘इंटेल ७’ असे नाव दिले. आणि ताजी मूर्ती म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने मिरवणारा ‘टॉप्स’चा आकडा. ज्याला पत्रे लिहायची आहेत, हिशेब ठेवायचा आहे, मुलांना अभ्यासाच्या चित्रफिती दाखवायच्या आहेत, त्याला चाळीस टॉप्स कशासाठी हवेत, हे विक्रेताही सांगू शकत नाही. पण आकडा मात्र तो ठणकावून सांगतो.

आपल्या घरातही

हाच निकष आपल्या माणसांनाही लावला पाहिजे, नाहीतर आपली टीका पोकळ ठरेल. डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅकने ‘ध्रुव ६४’ हा स्वदेशी ६४-बिट, दोन कोअरचा प्रोसेसर जाहीर केला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु तिच्या घोषणेत अग्रभागी काय होते? ‘१.० गिगाहर्ट्झ’! जो आकडा डेस्कटॉप संगणकाने मार्च २००० मध्ये ओलांडला, तोच आपण छाती फुगवून पुढे केला, आणि टवाळांनी त्याच आकड्यावरून चेष्टा आरंभली. दोघेही चुकले. हा प्रोसेसर पेंटियमशी शर्यत लावायला जन्मलेला नाही. तो दूरसंचार यंत्रणा, वाहने, कारखान्यांतील स्वयंचलन यांसाठी आहे. तेथे भरवसा हवा, कमी वीज हवी आणि मुख्य म्हणजे चिपची रचना आपल्या हाती हवी. त्याचे मोल त्या मापांनी करावे. परक्यांच्या फसव्या फूटपट्टीने स्वतःला मोजून घेण्याची हौस आपण केव्हा सोडणार?

याच सी-डॅकने १९९१ साली पुण्यात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ उभा केला होता. अमेरिकेने प्रगत महासंगणक नाकारला, तेव्हा तसाच अतिवेगवान एकच प्रोसेसर घडवण्याचा हट्ट आपल्या शास्त्रज्ञांनी धरला नाही. ट्रान्सप्यूटर नावाच्या साध्या चिपा एकमेकींना जोडून, कामाची वाटणी करून, त्यांनी महासंगणक उभा केला. एकेका चिपचे ठोके मोजत बसले असते, तर ‘परम’ जन्मलाच नसता. अनेकांनी मिळून शिस्तीने केलेले काम एकट्या धावऱ्याहून मोठे ठरते, हे या वाचकवर्गाला वेगळे सांगायला नको. जगाने बहु-कोअरचा मार्ग २००५ नंतर सरसकट धरला. त्यामागील तत्त्व पुण्यात आधीच सिद्ध झाले होते. ज्या देशाने हे करून दाखवले, त्या देशातील ग्राहकाने खोक्यावरील एका आकड्याला भुलावे, ही शरमेची गोष्ट आहे.

तर मग करायचे काय?

प्रत्येक कुटुंबाने, शाळेने आणि संस्थेने संगणक घेताना आकडा विचारणे बंद करून तीन प्रश्न विचारावेत. पहिला, आपले काम कोणते आणि ते काम या यंत्रावर किती सेकंदांत होते? आपली फाइल सोबत न्यावी आणि दुकानातच करून पाहावी. दुसरा, पूर्ण जोरावर हे यंत्र किती वीज घेते आणि दोन तास चालल्यावरही तोच वेग टिकतो का? तिसरा, प्रोसेसरवरील दोन हजार रुपये वाचवून ते मेमरी आणि चांगल्या एसएसडीवर घातले तर काम किती सुधारेल? घरगुती वापरात बहुतेकदा या तिसऱ्या प्रश्नातच सारे उत्तर असते. संस्थांच्या निविदांतून ‘किमान अमुक गिगाहर्ट्झ’ ही अट काढून त्या जागी ‘अमुक काम अमुक वेळात’ अशी अट घालावी. खरेदी समितीत एखादे गणिताचे सर असतील, तर त्यांना अखेरपर्यंत बोलू द्यावे.

आमच्या शाळेचे ते दहा संगणक कधीच भंगारात गेले. पण बारा घेतले असते, तर आणखी दोन मुलांना त्या वर्षी आपापल्या यंत्रापुढे बसता आले असते. ती दोन मुले रोज मागच्या बाकावर, दुसऱ्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत उभी असत. वर्गणी देणाऱ्यांनी पैसे आकड्यासाठी दिले नव्हते. त्या दोन मुलांसाठी दिले होते. ०.४ गिगाहर्ट्झची ती किंमत आम्ही मोजली. आपण मोजू नये.